‘क्वाइट’ म्हणजे अगदी की बऱ्यापैकी?

दोस्तांनो, समजा तुम्ही काढलेलं चित्र पाहून कुणी म्हणालं, ‘युअर पिक्चर इज क्वाइट गुड.’ आता हुरळून जायचं की खट्टू व्हायचं? शब्दकोश उघडावा, तर तिथे ‘क्वाइट’चे दोन अर्थ शेजारीशेजारी बसलेले! एक ‘अगदी, पूर्णपणे’ आणि दुसरा ‘बऱ्यापैकी’. मग ओळखायचं कसं?

युक्ती सोपी आहे. ‘क्वाइट’च्या पुढचा शब्द बघा आणि विचारा, यात कमी-जास्त होतं का?

‘अशक्य’ घ्या. थोडंसं अशक्य, जरा जास्त अशक्य, असं आपण म्हणत नाही. म्हणून ‘इट इज क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे ‘हे अगदी अशक्य आहे’. तसंच ‘यू आर क्वाइट राइट’ म्हणजे ‘तुझं अगदी बरोबर आहे’.

पण चांगलं, थंड, अवघड यांत कमी-जास्त होतंच की! तिथे ‘क्वाइट’ म्हणजे ‘बऱ्यापैकी’. ‘इट इज क्वाइट कोल्ड टुडे’ म्हणजे आज बऱ्यापैकी थंडी आहे. तेव्हा तुमचं चित्रही बऱ्यापैकी चांगलं! मात्र हे झालं ब्रिटिश इंग्रजीचं. असं म्हणणारा अमेरिकन असेल, तर त्याला बहुधा ‘छानच आहे’ असं म्हणायचं असतं. तेव्हा बोलणारा कुठला, तेही बघा.

हे दोन अर्थ आले कुठून? ‘शांत’ या अर्थाचा लॅटिन शब्द ‘क्विएटस’. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये ‘देण्यातून मोकळा’ असा अर्थ आला आणि तो शब्द इंग्रजीत उतरला. हिशेब चुकता झाला, काही बाकी उरलं नाही, म्हणून ‘पूर्णपणे’! ‘बऱ्यापैकी’ हा अर्थ बराच नंतर, एकोणिसाव्या शतकात आला. शांत या अर्थाचा ‘क्वाएट’ आणि सोडून देणं या अर्थाचा ‘क्विट’ ही ‘क्वाइट’चीच भावंडं. म्हणून स्पेलिंग सांभाळा. ‘क्वाइट’च्या शेवटी टी-ई, ‘क्वाएट’च्या शेवटी ई-टी.

आता सगळ्यात फसवी जोडी, ‘नॉट क्वाइट’. याचा अर्थ ‘मुळीच नाही’ असा नव्हे! ‘ही इज नॉट क्वाइट वेल’ म्हणजे त्याला अजून पूर्ण बरं वाटत नाही. थोडंसंच बाकी आहे. हे उलटं समजलात, तर उगाच घाबरून जाल. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे थोडे नव्हेत हं, चांगले बरेच!

चला, आता तुमची पाळी. अर्थ सांगा :

१) धिस सम इज क्वाइट डिफिकल्ट.
२) युअर आन्सर इज क्वाइट राँग.
३) डिनर इज नॉट क्वाइट रेडी.

उत्तरं : १) हे गणित बऱ्यापैकी अवघड आहे. २) तुझं उत्तर साफ चुकलंय. ३) जेवण अजून पूर्ण तयार नाही, म्हणजे पानं घ्यायला लागा!