सट्ट्याची पोथी

बरगीहून एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. शेअर बाजारातील दिवसभराचे सौदे शिकण्यास व त्यासाठी मन घडविण्यास उपयुक्त ग्रंथांची यादी आम्ही छापावी, अशी त्यांची विनंती आहे. वडिलांच्या निवृत्तीचा पैसा हाताशी आहे, हेही त्यांनी मोकळेपणाने कळविले आहे. या शेवटच्या वाक्यामुळेच आम्हांस मौन पाळवत नाही.

ज्या बरगीच्या धरणाखाली गेलेल्या जमिनींची भरपाई लोकांनी रोख घेतली, तेथे रोख रक्कम किती दिवस पुरते हे आम्ही सांगावयास नको.

ग्रंथांशी आमचे वैर नाही. मन जिंकले म्हणजे बाजार जिंकला, या उपदेशाशी मात्र आहे. नफा झाला तर ग्रंथाचे यश, तोटा झाला तर वाचकाचे चित्त दुबळे! नवस न फळल्यास भक्ताचीच भक्ती उणी ठरविणाऱ्या पुजाऱ्याचा हा युक्तिवाद होय. मार्क डग्लस यांचे ‘ट्रेडिंग इन द झोन’ (२०००) संभाव्यतेच्या भाषेत विचार करावयास शिकविते. त्यात गैर काही नाही. परंतु संभाव्यताच विरुद्ध असेल तर स्थिर चित्ताचा खेळाडू स्थिर चित्ताने हरतो, एवढेच.

आणि ती विरुद्ध आहे. सेबीच्या जुलै २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ साली समभागांच्या रोख विभागात दिवसाचे सौदे करणाऱ्या दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात गेल्या. तिशीच्या आतील मंडळींत हे प्रमाण शेकडा ७६ होते. वर्षास पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत ते शेकडा ८० भरले. सरावाने हात बसतो म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. तोट्यातील मंडळींनी तोट्याच्या शेकडा ५७ इतकी आणखी रक्कम दलाली, कर इत्यादी खर्चांत घातली, ती निराळीच. हा खर्च मनोनिग्रहाने कमी होत नाही.

अशा याद्यांत एडविन लफेव्हर यांचे ‘रेमिनिसन्सेस ऑफ अ स्टॉक ऑपरेटर’ (१९२३) हटकून असते. पुस्तक सरस आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. पण ज्याच्या आयुष्यावर ते बेतले, त्या जेसी लिव्हरमोरने १९३४ मध्ये दिवाळे काढले व १९४० मध्ये आत्महत्या केली, हे शिफारस करणारे क्वचितच सांगतात.

यादी हवीच असेल तर ती लहान आहे. प्रथम सेबीचा उपर्युक्त अहवाल. मग दिनशा वाच्छा यांचे मुंबईच्या आर्थिक इतिहासावरील १९१० चे इंग्रजी पुस्तक. अमेरिकेतील यादवीमुळे कापूस महागला, मुंबईत शेअरांचे वेड पसरले व १८६५ साली शहाणीसुरती घराणी कशी बुडाली, ते त्यात आहे. लफेव्हर शेवटी, लिव्हरमोरच्या अखेरीसह. तिन्ही वाचून होईपर्यंत वडिलांचा पैसा टपाल कचेरीत राहू द्यावा, आणि तो काढण्यापूर्वी वडिलांस विचारावे.