डीजेची चाचणी आणि आपली चाचणी



लग्नसराईत आमच्या कुहीत डीजे दणाणतो. परवा एका माजी विद्यार्थ्याचे वडील म्हणाले, "मॅडम, याले समजावा जी, डीजेच्या नादी लागला हा." मी समजवायला बसले आणि त्यानेच मला समजावलं!

डीजेच्या टाइमकोड रेकॉर्डवर गाणं नसतंच. असतो एक सूर. सेराटो कंपनीच्या रेकॉर्डवर तो 1000 हर्ट्झचा. गाणं संगणकात असतं. तबकडी अर्ध्या वेगाने फिरवली की सूर 500 हर्ट्झ होतो आणि सॉफ्टवेअर गाणंही अर्ध्या वेगाने वाजवतं. डाव्या-उजव्या चॅनेलचे सूर पाव लहर मागेपुढे असतात. कोणता पुढे, त्यावरून तबकडी सुलटी फिरते की उलटी ते कळतं.

आता गाणं अडखळलं, तर दोष सुईचा, वायरचा की सॉफ्टवेअरचा? त्यासाठी टर्नटेबल बाजूलाच ठेवायचं. संगणकावर 500 हर्ट्झचा सूर तयार करायचा, एक चॅनेल अर्धा मिलिसेकंद मागे ठेवायचं (हीच पाव लहर, मुलांना गणित करायला सांगा!) आणि तो सॉफ्टवेअरला द्यायचा. उत्तर आधीच माहीत आहे: अर्धा वेग. तेवढा आला नाही, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये. आला, तर सुई आणि वायर तपासा.

हे ऐकून मला माझीच एक चूक आठवली. चौथीतल्या एका मुलीला मी कितीतरी महिने 'गणितात कच्ची' समजत होते. शाब्दिक उदाहरणं तिला कधीच जमायची नाहीत. एके दिवशी उदाहरण मी वाचून दाखवलं, तर तिने तोंडी उत्तर दिलं. अगदी बरोबर! गणित येत होतं, वाचन अडत होतं. दोष सुईत होता आणि मी सॉफ्टवेअर दुरुस्त करत बसले होते.

चाचणीत शून्य दिसतो, तो का आला ते दिसत नाही. म्हणून मला वाटतं, शेरा लिहिण्याआधी आपण एवढं तरी करावं: तेच उदाहरण एकदा वाचून दाखवावं, एकदा नुसते आकडे द्यावेत. पाच मिनिटं लागतात, पण मूल कुठे अडलं ते कळतं.

पालकांनो, तुम्हीही घरी हे करून बघा. आणि पोरगं डीजेच्या नादी लागलं असेल, तर रागावण्याआधी एकदा विचारा, "हे चालतं कसं रे?"