राखणदारांच्या पानांतील कच्ची मासळी

शेतकऱ्याच्या घरीं कुत्रा व मांजर हे केवळ हौसेचे प्राणी नव्हेत. रात्रीं रानडुकरांची चाहूल लागतांच भुंकणारा कुत्रा आणि कणगीभोंवतीं उंदरांवर टपून बसणारें मांजर हीं दोघें आपली भाकरी कमावूनच खातात. असें असतां बैलाच्या वैरणीविषयीं जो विचार आपण करतों, त्याचा शतांशही या दोन चाकरांच्या खाण्याविषयीं होत नाहीं. शेततळ्यांतील मासे काढले, कीं आंतडीं व डोकीं त्यांच्यापुढें टाकावयाचीं, किंवा बाजारच्या मासळीचा नको असलेला भाग कच्चाच घालावयाचा, ही रीत पुष्कळ घरीं आहे. ती सोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें मत आम्हीं केवळ पुस्तकावरून बनविलेलें नाहीं. शेततळें आटत आलें त्या दिवसांत आमच्या कोठारावरील मांजरास कित्येक आठवडे रोज कच्चे मासे मिळत होते, आणि तें चवीनें खातें म्हणून आम्हीही संतुष्ट होतों. पुढें त्याचें खाणें मंदावलें, चाल अडखळूं लागली, आणि एके सकाळीं तें हनुवटी छातीस लावून बसलेलें आढळलें. त्यास मान वर उचलवेना. पशुवैद्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो 'यास खावयास काय देतां?' हाच. ब-१ जीवनसत्त्वाचीं इंजेक्शनें दिल्यावर तें कांहीं दिवसांत सुधारलें. दोष माशाचा नव्हता. आमच्या अज्ञानाचा व आळसाचा होता.

याचें कारण आज चांगलें ठाऊक आहे. कांहीं माशांच्या शरीरांत, विशेषतः आंतड्यांत, थायमिनेज नांवाचें विकर असतें. तें थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा, नाश करतें. आणि तेंही केवळ माशांतील नव्हे, तर माशाबरोबर कालवलेल्या इतर अन्नांतीलही. हें जीवनसत्त्व नसलें म्हणजे मेंदू व मज्जातंतू यांस अन्नापासून शक्ति मिळवितां येत नाहीं. या गोष्टीचा माग प्रथम लागला तो अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत. तेथें कातड्याकरितां कोल्हे पाळीत असत. १९३२ सालीं चॅस्टेक नांवाच्या कोल्हेपालकाकडे कच्चा कार्प मासा खाद्यांत घालूं लागल्यावर कोल्ह्यांस पक्षाघात होऊन ते मरूं लागले. पुढील संशोधनांत दिसून आलें, कीं खाद्यांत दहावा हिस्सा कच्चा मासा असला तरी हा अनर्थ होतो, आणि तोच मासा शिजवून घातला असतां होत नाहीं. कारण उष्णतेनें विकर निकामी होतें. त्या रोगास आजही चॅस्टेकचेंच नांव आहे.

ही गोष्ट दूरच्या देशाची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. आपण शेततळ्यांत सोडतों तो सायप्रिनस म्हणजे कार्पच होय, आणि रोहू, कटला व मृगळ हे त्याच कुळांतले. सर्व माशांत हें विकर सारखें नसतें, हें खरें. परंतु टोपलींतील प्रत्येक माशाची परीक्षा करण्यापेक्षां भांडें चुलीवर ठेवणें फार सोपें आहे.

दुसरें भय कृमींचें. थायलंडच्या ईशान्य भागांत गोड्या पाण्यांतील मासे कच्चे खाल्ल्यानें यकृतांत चपटे कृमि शिरतात. माणूस, कुत्रा व मांजर या तिघांनाही ते होतात. विष्ठेंतून त्यांचीं अंडीं पुन्हां पाण्यांत जातात, आणि माणसास त्यांच्यामुळें पित्तनलिकेचा कर्करोग होतो हें सिद्ध झालेलें आहे. तो कृमि त्या मुलखाचा असला, तरी जनावराचें पान व धन्याचें आरोग्य हीं वेगळीं नाहींत, हा धडा सर्व मुलखांचा आहे.

यावर कोणी म्हणेल, मासा हा तर मांजराचा जन्मजात आहार. वस्तुतः पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियांतील कोरड्या मुलखांत उंदीर व पक्षी मारून जगत. मासा हा त्यांचा नित्याचा आहार नव्हे. दुसरा आक्षेप असा, कीं वाडवडील असेंच घालीत आले. परंतु तेव्हां मासा एखादे दिवशीं मिळे. आतां शेततळें व फ्रीज यांमुळें तोच रोज घालणें शक्य झालें आहे, आणि खरा धोका या रोजच्या घालण्यांत आहे. फ्रीजवरही विसंबूं नये. शून्याखालीं २० अंश सेल्सिअसवर सात दिवस ठेवल्यास माशांतील कृमि मरतात, पण विकर मरत नाहीं.

करावयाचें तें थोडकें आहे. मासा पाण्यांत इतका शिजवावा, कीं मांस कांट्यापासून सहज सुटेल. मग कांटे काढून, निववून द्यावा. त्यांत मीठ, कांदा व लसूण नसावा. कांदा व लसूण हे कुत्र्यामांजरांस विषासमान आहेत. उतरलेला बांगडा शिजवूनही घालूं नये, कारण त्यांत उत्पन्न झालेलें विष उकळीनें जात नाहीं. मासळी आठवड्यांतून एक-दोन वेळांच असावी. आंतडीं उघड्यावर न फेंकतां खताच्या खड्ड्यांत खोल पुरावीं. आणि प्राण्याची चाल अडखळूं लागली किंवा मान झुकली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवितां त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें. हा रोग वेळींच ओळखला तर बरा होतो, उशीर झाला तर प्राण घेतो.

मुक्या जनावरास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं, आणि पुढें टाकलेलें तें विश्वासानें खातें. त्या विश्वासास पात्र राहण्यास फार कांहीं लागत नाहीं. घरची चूल दोन्ही वेळां पेटतेच. तिच्यावर आणखी एक भांडें चढविण्याचा कंटाळा आमच्या शेतकरी बंधूंनीं व भगिनींनीं करूं नये, एवढीच आमची विनंति आहे.