पाच टक्क्यांच्या पलीकडे

‘अगं, थकतो तर आम्हीपण!’ क्रॉनिक फटीग सिंड्रोम असलेल्या माझ्या मैत्रिणीला हे वाक्य आता पाठ झालंय. बॉस, आपला थकवा रविवारी ताणून दिली की जातो. तिचा नाही जात. उलट एखाद्या दिवशी जरा जास्त धावपळ झाली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती पार आडवी. या आजाराची खूणच ती.

मग पूर्ण बरं कधी वाटणार? २००५ मध्ये केर्न्स आणि हॉटॉफ या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. पूर्ण बऱ्या झालेल्यांचं मध्यक प्रमाण निघालं जेमतेम ५ टक्के. पोटात गोळा येतो ना? पण त्याच आढाव्यात सुधारणा झालेले होते जवळपास ४० टक्के. हा दुसरा आकडा कुणी सांगतच नाही.

आणि ‘जिमला जा, फ्रेश वाटेल’ हा सल्ला तर कृपा करून नकोच. ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये मागे घेतला. आता सांगतात, अंगात आहे तेवढीच ताकद जपून खर्च करा. म्हणजे मैत्रिणीचा ‘आज नको गं’ हा नखरा नव्हे, हिशेब असतो.

अमेरिकन लेखिका लॉरा हिलेनब्रँड १९८७ मध्ये आजारी पडली. तिचं गाजलेलं ‘सीबिस्किट’ आलं २००१ मध्ये. बरी झाल्यावर नाही, आजारपणातच लिहिलेलं.