वसंत कोणाचा?

धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी आमच्या हाती येणाऱ्या इंग्रजी पुस्तकांत ईस्टरच्या पानावर बहुधा एकच चित्र असते. हिरवळ, पिवळी फुले, अंड्यातून डोकावणारे पिल्लू, आणि खाली लिहिलेले ‘स्प्रिंग’. उज्जैनमध्ये हे पान उघडते तेव्हा ऊन चाळिशीकडे निघालेले असते आणि शेतात गव्हाचे खुंट उरलेले असतात. मुले चित्र बघतात, मग खिडकीबाहेर बघतात. सण ‘तिकडचा’ आहे आणि आपण तो इकडे पाळतो, असे त्यांच्या मनात बसते. आमच्या मते ही साधी गोष्ट नाही. लहानपणी बसलेली अशी समजूत पुढे प्रवचनांनी सहजासहजी निघत नाही.

बरे, ते ‘तिकडे’ तरी एक आहे का? इंग्रजी बोलणाऱ्यांचेच बघा. इंग्लंडचे हवामान खाते १ मार्चपासून वसंत धरते, तर अमेरिकेतली कॅलेंडरे बहुधा २०-२१ मार्चच्या विषुवदिनापासून. आयर्लंडच्या जुन्या रीतीने तो १ फेब्रुवारीला, संत ब्रिजिटच्या सणालाच सुरू होतो. ऑस्ट्रेलियात वसंत उजाडतो १ सप्टेंबरला. अमेरिकन माणूस ज्याला ‘फॉल’ म्हणतो त्याला इंग्रज ‘ऑटम’ म्हणतो. खरे तर ‘फॉल’ हा शब्द इंग्लंडमधूनच तिकडे गेला, घरी मात्र मागे पडला. उपवासकाळाचे इंग्रजी नाव ‘लेंट’ हे मुळात वसंताचेच जुने नाव, दिवस लांबू लागतात म्हणून पडलेले. मेलबर्नमध्ये त्याच ‘लेंट’मध्ये दिवस आखूड होत जातात आणि ईस्टरला झाडांची पाने पिवळी पडलेली असतात. तिथल्या ख्रिस्ती माणसाची श्रद्धा त्यामुळे काही कमी होत नाही.

शब्दकोशही आपल्याला फसवतो. ‘ऑटम’ म्हणजे शरद, असे आपण शाळेत पाठ केले. पण आपला शरद पावसानंतरच्या स्वच्छ चांदण्याचा. पानगळ आपल्याकडे शिशिरात. आणि पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, म्हणजे माळव्यात पाण्याचे माठ भरून ठेवायचे दिवस!

खरे तर उज्जैनच्या मराठी माणसाला हे सांगायला नको. आपला महिना अमावास्येला संपतो, शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. महाकालाची सवारी शेजाऱ्यांच्या भाद्रपदातही निघते ती मराठी श्रावणाचा मान म्हणून, असे इथे सगळे जाणतात. चंद्र एकच, गल्ली एकच, महिन्याची नावे दोन, आणि त्यावरून कोणी भांडत नाही.

मग ईस्टरचा ऋतू कोणता? पुस्तकातले पिल्लू बाजूला ठेवून पवित्र शास्त्र उघडावे. लेवीय २३ मध्ये वल्हांडणाच्या दिवसांत पिकाची पहिली पेंढी परमेश्वरापुढे आणायची आज्ञा आहे. पौल १ करिंथ १५ मध्ये उठलेल्या प्रभूला प्रथमफळ म्हणतो ते याच पेंढीवरून. म्हणजे येरुशलेमात तो कापणीचा काळ होता. तिथे आधी जव, गहू काही आठवड्यांनी, आमच्याकडे गहूच. योहान १२ मधला मातीत पडणारा गव्हाचा दाणा उपवासकाळात वाचला जातो तेव्हा इंग्लंडमधले शेत हिरवे असते आणि उज्जैनच्या रस्त्यावर गव्हाच्या ट्रॉल्या मंडईकडे निघालेल्या असतात. सांगा, त्या शास्त्रपाठाच्या जवळ कोण आहे?

जवळ आहोत म्हणून सगळे जुळते असेही नाही. मराठी बायबलच्या अनुवादकांनी त्या देशातल्या पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ हे शेतकऱ्याचे शब्द घेतले. किती गोड निवड! पण तिकडे पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीसाठी पडतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलात दाणा भरायला. आपल्याकडे वळीव आधी, आगोट नंतर. वर्गात हे सांगितले की शेतकऱ्यांची मुले लगेच मान वर करतात.

आणखी एक गंमत आपल्या घरातलीच. उज्जैनचे धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचे आहे. त्या उपासनावर्षात साधारण जुलैत ‘कैता’ नावाचा काळ सुरू होतो. सिरियाक भाषेत कैता म्हणजे उन्हाळा. तेव्हा क्षिप्रा दुथडी भरून वाहत असते आणि आम्ही छत्र्या मंदिराच्या दाराशी ठेवून ‘उन्हाळ्या’ची उपासना करतो. नाव बदला असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ते नाव प्रेषितांनंतरच्या मंडळीची आठवण घेऊन आले आहे, ते राहावे. फक्त मुलांना ते कोणत्या देशाच्या उन्हात पडले ते सांगावे.

नाताळच्या गोठ्यावर कापसाचे बर्फ घालायचे की नाही, यावर दरवर्षी होणारा वाद आम्ही इथे काढत नाही. घालू द्या हौशीने. ईस्टरचे मात्र आम्ही ठरवले आहे. यंदा वर्गातल्या भिंतीवर पिल्लाचे चित्र लागणार नाही. ज्यांच्या घरी शेत आहे त्या मुलांनी झावळ्यांच्या रविवारी गव्हाच्या ओंब्या आणायच्या, आणि त्यांची पेंढी बांधून ईस्टरच्या पहाटे वेदीपाशी ठेवायची.