पट्टी सरकते, पापड मोडतो

मुरबाडमधल्या आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी नाचणीच्या पापडांची लाइव्ह विक्री सुरू केली. पहिल्या दिवशी त्यांचे डोळे सारखे डावीकडून उजवीकडे पळत होते, टेनिसची मॅच बघावी तसे. मोबाइल आडवा, लेन्स एका कडेला आणि टेलिप्रॉम्प्टर अ‍ॅपमधला मजकूर पार दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला! म्हटलं, ‘‘वहिनी, ओळी आखूड करा, अक्षर मोठं करा, मजकूर लेन्सला चिकटून ठेवा. आणि फोन जरा लांब सरकवा.’’ वृत्तवाहिन्यांच्या टेलिप्रॉम्प्टरमध्ये लेन्सपुढेच 45 अंशांत तिरकी काच असते. निवेदकाला तीत अक्षरं दिसतात, कॅमेऱ्याला काचेपलीकडचा फक्त चेहरा. अमेरिकेत 1950च्या सुमारास टेलिप्रॉम्प्टर आला, तेव्हा कॅमेऱ्याशेजारी कागदाची गुंडाळी फिरायची. पण वहिनींचा खरा घोळ भाषेचा होता. ‘सदर उत्पादन पूर्णतः नैसर्गिक असून...’ अहो, पौष पौर्णिमेला म्हसा गावच्या जत्रेतला घोंगडीवाला असं बोलला तर त्याच्या पालापाशी कोण थांबेल? मग खोडाखोड झाली. भाव, वजन, पार्सलचा खर्च आणि फोन नंबर तेवढा शब्दशः ठेवला. बाकी दोन-दोन शब्दांचं टाचण, मध्येच कंसात ‘पापड मोडा, आवाज ऐकवा’. पुढच्या लाइव्हमध्ये कुणीतरी विचारलं, ‘‘तळायचे की भाजायचे?’’ वहिनींनी सरकती पट्टी थांबवली, गॅस पेटवला आणि पापड सरळ जाळीवर टाकला.