सिनेमाचं पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं?

जरा लांबलचक लिहितोय, पण ज्यांच्या घरात शिकणारं लेकरू आहे त्यांनी पूर्ण वाचा.

निकाल लागले की आपल्या किनवट-माहूर भागातली दोन-चार पोरं हमखास विचारतात, "दादा, सिनेमा शिकायचाय. पहिलं पुस्तक कोणतं घेऊ?" यावर दोन उत्तरं ठरलेली. एक जण म्हणतो, पुस्तकानं कुठं सिनेमा येत असतो, फोन काढ अन् शूटिंग कर. दुसरा इंग्रजी पुस्तकांची यादी पाठवून मोकळा होतो. दोन्ही उत्तरांनी पोरगं जिथल्या तिथंच राहतं.

तिसरा रस्ता गाईडचा. १८९५ ला पॅरिस, १८९६ ला मुंबईचं वॉटसन हॉटेल, १९१३ ला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. सनावळ्या पाठ, व्याख्या पाठ, पेपर पास. पण एखादा प्रसंग दाखवून "हा असा का घेतला असेल?" विचारलं की तोंडातून शब्द निघत नाही. इतिहास नको असं मी म्हणत नाही. तो दुसऱ्या पुस्तकात वाचावा. पहिल्या पुस्तकानं बघायला शिकवावं.

जगभर ज्याचं नाव घेतात ते बोर्डवेल आणि थॉम्पसन यांचं 'फिल्म आर्ट' १९७९ साली आलं. त्याची ताकद साधी आहे. जाहिरातीचे फोटो न छापता त्यांनी थेट चित्रपटातल्या चौकटी छापल्या आणि त्यावर बोट ठेवून समजावलं. पुस्तक उत्तमच, पण महाग, जाडजूड आणि त्यातले बहुतेक सिनेमे आपल्या पोरांनी पाहिलेले नसतात. न पाहिलेल्या सिनेमाचं विश्लेषण वाचणं म्हणजे न खाल्लेल्या भाजीची चव दुसऱ्याकडून ऐकणं. हे पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात असावं, शिकवणाऱ्याच्या हातात असावं. पोराच्या हातात पहिलंच म्हणून नको.

आणि भाषेचा मुद्दा आपल्याकडं जास्त गंभीर आहे. इथं कितीतरी घरांत गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू बोलतात. त्या लेकरांना मराठीच दुसरी भाषा. त्यावर तिसऱ्या भाषेतलं सहाशे पानांचं पुस्तक टाकलं की पोरगं समजतं, सिनेमा आपल्यासाठी नाही. खरं तर चित्राची भाषा त्याला लवकर कळू शकते.

मराठीत काहीच नाही हेही खरं नाही. अरुण खोपकरांचं 'गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका' घ्या. गुरू दत्त यांचे तीन सिनेमे बारकाईनं कसे वाचायचे ते त्यात दिसतं, आणि ते तिन्ही सिनेमे सहज बघायला मिळतात. त्यांच्याच 'चलत्-चित्रव्यूह'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या नांदेडचं नाव ज्यांच्याशी जोडलेलं आहे त्या विजय पाडळकरांनी जगभरच्या सिनेमावर मराठीत भरपूर लिहिलंय. गणेश मतकरींचं लेखनही सोप्या भाषेत आहे. ही रूढ अर्थानं पाठ्यपुस्तकं नाहीत, धडे नाहीत, प्रश्न नाहीत. ही उणीव आहेच. पण ती शिकवणारा भरून काढू शकतो.

कशी, ते सांगतो. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' घ्या. डुक्कर पकडायच्या धांदलीत शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. आता विचारा : आवाज कुठून येतोय? गाणारी मुलं त्या क्षणी दाखवायची गरज होती का? कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे? पुढं डुक्कर बांधून नेताना मागच्या भिंतीवर कुणाची चित्रं आहेत, आणि एकही संवाद नसताना ती काय बोलतात? एवढ्या एका सिनेमात चौकट, ध्वनी, पार्श्वभूमी सगळं शिकून होतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर सरांनी सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' असाच तुकड्या-तुकड्यानं उलगडून पिढ्या घडवल्या. एक सिनेमा नीट बघता आला की बाकीचे बघायची किल्ली हातात येते.

काही जण म्हणतील, पुढं प्रवेश परीक्षा, मुलाखती, नोकरी सगळीकडं इंग्रजी लागते, मग सुरुवातच इंग्रजीतून का नको? मुद्दा बरोबर आहे, इंग्रजी टाळून चालणार नाही. पण शॉट, कट, क्लोज-अप हे शब्द आपल्या पोरांच्या तोंडात आधीच आहेत. विचार करायची सवय आपल्या भाषेत लागली की इंग्रजी पुस्तक दुसऱ्या वर्षी पेलवतं. उलटं केलं तर नुसती पाठांतराची सवय लागते.

म्हणून पुस्तक घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, त्यात चित्रपटातल्या चौकटी दाखवून समजावलंय का? दोन, त्यातले निम्मे तरी सिनेमे तुम्हाला बघायला मिळतील का? तीन, एक प्रकरण वाचून झाल्यावर कालच पाहिलेला सिनेमा पुन्हा बघावासा वाटतो का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर कितीही मोठं नाव असो, ते ठेवून द्या.

तालुक्यातल्या प्राध्यापकांना आणि वाचनालय चालवणाऱ्यांना हात जोडून विनंती. यंदाच्या खरेदीत गाईडच्या वीस प्रती कमी घ्या, ही चार-पाच पुस्तकं घ्या आणि महिन्यातून एक सिनेमा पोरांसोबत बसून बघा, थांबवून थांबवून. आपल्या डोंगरातल्या, पैनगंगेकाठच्या गोष्टी बाहेरचे लोक येऊन शूट करतील आणि आपण गर्दीत उभं राहू, एवढ्यावर समाधान मानायचं का, ते आपणच ठरवायचंय.

तुमच्याकडं यातलं एखादं पुस्तक पडून असेल तर कमेंटमध्ये कळवा. वाचणारं पोरगं मी शोधून देतो.